जुन्या माउंटन बाइकचे ब्रेक आणि झिजलेले भाग बदलताना : पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

माझ्याकडे २६ इंची चाकांची, स्टीलच्या फ्रेमची एक जुनी माउंटन बाइक आहे. तिची फ्रेम आजही सरळ आहे आणि वेल्डिंगला कोठेही तडा नाही. परंतु उतारावर दोन्ही ब्रेक करकचून दाबले तरी ती थांबायला जेवढे अंतर घ्यायची, ते पाहून भीती वाटायची. म्हणून मी नवे व्ही-ब्रेक आणले, जुने उतरवून त्यांच्या जागी बसवले, आणि पहिल्याच चाचणीत लिव्हर थेट हँडलला जाऊन टेकली. ब्रेक चांगल्या प्रतीचे होते आणि ते नीट बसलेही होते. मात्र जुन्या लिव्हर या जातीच्या ब्रेकसाठी बनवलेल्या नव्हत्या, आणि ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती.

त्यानंतर तीच सायकल मी टप्प्याटप्प्याने पूर्ण उभी केली. त्या कामात जो क्रम हाती लागला, तो येथे सविस्तर मांडतो आहे. साधारणपणे १९९० च्या दशकातील किंवा त्यानंतरच्या काही वर्षांतील, रिमवर घासणारे ब्रेक असलेली सायकल समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. लिव्हर, तार, ब्रेकचे हात, शू (रिमवर घासणारे रबर) आणि रिम या पाचही गोष्टी मिळून एक ब्रेक होतो. त्यातील एकच बदलली आणि बाकीच्यांशी तिचा मेळ बसला नाही, तर पैसे आणि श्रम दोन्ही वाया जातात.

१. काहीही विकत घेण्यापूर्वी सायकल ओळखा

एक कागद घ्या आणि सायकलजवळ बसून नोंदी करा. पहिली नोंद ब्रेकच्या प्रकाराची.

कँटिलिव्हर ब्रेकचे दोन हात आखूड असतात आणि बाहेरच्या बाजूला पसरलेले दिसतात. त्या दोघांना जोडणारी एक छोटी तार टायरच्या वरून जाते आणि मधोमध वरून आलेली मुख्य तार तिला वर ओढते. व्ही-ब्रेकचे हात लांब आणि उभे असतात. तार एका बाजूने धातूच्या वाकड्या नळीतून आत येते आणि टायरवरून आडवी दुसऱ्या हाताकडे जाते. शिमानोने हे ब्रेक १९९६ च्या सुमारास बाजारात आणले आणि थोड्याच काळात माउंटन बाइकवर कँटिलिव्हरची जागा त्यांनी घेतली. त्यामुळे त्याआधीची सायकल असेल, तर तिच्यावर कँटिलिव्हर असण्याची शक्यता अधिक.

हे दोन्ही प्रकार फ्रेमला आणि फोर्कला (पुढचे चाक धरणाऱ्या दोन पायांच्या भागाला) वेल्ड केलेल्या दोन खुंट्यांवर बसतात, आणि या खुंट्या रिमच्या कडेपेक्षा चाकाच्या मध्याकडे, म्हणजे रिमच्या खाली असतात. कँटिलिव्हर काढून त्याच खुंट्यांवर व्ही-ब्रेक बसतात, आणि म्हणूनच हा बदल इतका सोपा आणि फायद्याचा आहे. परंतु दोन अपवाद लक्षात ठेवा. १९८० च्या दशकातील काही माउंटन बाइकना मागच्या चाकाला यू-ब्रेक असे, आणि तो बहुधा पेडलच्या मागे, फ्रेमच्या खालच्या नळ्यांवर लावलेला असे. त्याच्या खुंट्या रिमच्या वरच्या बाजूला असल्यामुळे त्यांवर व्ही-ब्रेक बसत नाहीत. दुसरा अपवाद एकाच मधल्या बोल्टवर टांगलेल्या कॅलिपर ब्रेकचा. तेथे खुंट्याच नसतात.

दुसरी नोंद लिव्हरची, आणि माझी चूक येथेच झाली होती. व्ही-ब्रेकचे हात लांब असल्यामुळे शू रिमपर्यंत आणण्यासाठी कँटिलिव्हरच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट तार ओढावी लागते. कँटिलिव्हरसाठी बनवलेली लिव्हर तेवढी तार ओढूच शकत नाही. तिला व्ही-ब्रेक जोडले, तर एकतर लिव्हर हँडलला टेकते किंवा शू रिमला अगदी चिकटवून ठेवावे लागतात आणि चाक जरासे आऊट, म्हणजे फिरताना डगमगणारे, असले तरी ते घासू लागतात. याच्या उलट, व्ही-ब्रेकची लिव्हर कँटिलिव्हरला जोडली तर हाताला दगडासारखी घट्ट लागते, मात्र ब्रेक धरत नाही. हा दुसरा प्रकार अधिक फसवा आहे, कारण घट्ट लिव्हर म्हणजे चांगला ब्रेक असे आपल्याला वाटते.

लिव्हर कोणत्या जातीची आहे हे मोजून कळते. लिव्हर ज्या पिनेवर फिरते त्या पिनेच्या मध्यापासून तारेचे डोके जेथे अडकते तेथपर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. ते २० ते २५ मिमी असेल तर लिव्हर कँटिलिव्हरची आहे, आणि ३० मिमी किंवा त्याहून जास्त असेल तर व्ही-ब्रेकची.

तिसरी नोंद गिअरच्या खटक्याची. अनेक जुन्या सायकलींवर ब्रेकची लिव्हर आणि गिअर बदलण्याचा खटका एकाच खोक्यात जोडलेले असतात. तेथे लिव्हर बदलायची म्हटली की खटकाही जातो, आणि मग नवा खटका मागे किती दातेरी चकत्या आहेत ते मोजूनच घ्यावा लागतो. मागे ७ चकत्या असतील तर उजव्या हाताला ७ चा खटका हवा; पुढे तीन चकत्या असतील तर डाव्या हाताला ३ चा. ही मोजणी न करता नुसत्या लिव्हर घरी आणल्या की काम निम्म्यात अडकते.

चौथी नोंद रिमची. ब्रेक जेथे घासतो त्या पट्ट्यावरून बोट फिरवा. पट्टा सपाट लागला पाहिजे. बोटाला स्पष्ट खोलगटपणा जाणवला, किंवा रिमवर झीज दाखवणारी खाच अथवा खड्डा होता आणि आता तो पुसला गेला आहे असे दिसले, तर ती रिम संपली. अशी रिम टायरमधल्या हवेच्या दाबाने कडेला फाटू शकते, म्हणून तिच्यावर नवे ब्रेक लावू नका. आधी चाक बदला. रिम स्टीलची, चमकदार मुलाम्याची असेल तर पावसात ती फार वाईट थांबते, आणि कितीही चांगले ब्रेक लावले तरी ही उणीव भरून निघत नाही. ॲल्युमिनियमच्या रिमचे चाक घेणे हाच तेथे खरा सुधार आहे. चुंबक लावून पाहिला की रिम कशाची आहे ते लगेच कळते.

२. डिस्क ब्रेकचा मोह

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात येतो, म्हणून आधीच निकालात काढू. डिस्क ब्रेकसाठी फ्रेमवर आणि फोर्कवर कॅलिपर बसवण्याचे वेगळे कान लागतात. त्यांवरील छिद्रांमधील अंतर एका जुन्या पद्धतीत ५१ मिमी आणि दुसऱ्या पद्धतीत ७४ मिमी असते. शिवाय हबवर (चाकाच्या मधल्या नळकांड्यावर) ब्रेकची चकती बसवण्याची सोय लागते; सर्वांत प्रचलित सोय सहा बोल्टची आहे. तुमच्या फ्रेमला हे कान नसतील, तर पट्ट्याने आवळून बसवायच्या जोडण्या मिळतात, त्यांच्या नादी लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. डिस्क ब्रेकचा सगळा जोर फ्रेमच्या खालच्या टोकाजवळ एका बिंदूवर येतो, आणि जुन्या फ्रेमच्या मागच्या बारीक नळ्या तो जोर घेण्यासाठी बनवलेल्या नसतात.

फक्त पुढे डिस्क लावायची असेल, तर डिस्कचे कान असलेला फोर्क आणि डिस्कच्या हबचे पुढचे चाक एवढे बदलून ते शक्य आहे. मात्र नवा फोर्क जुन्यापेक्षा जास्त उंच नसावा. पुढचा भाग वर उचलला गेला की हँडलचा कोन बदलतो, सायकल वळायला जड होते आणि फ्रेमच्या पुढच्या सांध्यावर जादा ताण येतो. फोर्कची वरची नळी तुमच्या फ्रेमच्या मापाची आहे का, तिला आटे आहेत की ती साधी आहे, हेही पाहावे लागते. इतके सगळे करून होणारा खर्च पाहिला, तर नीट लावलेले व्ही-ब्रेक जुन्या सायकलला पुरेसे आहेत या निष्कर्षाला मी आलो.

डिस्क आधीपासून असलेल्यांसाठी एकच इशारा: हायड्रॉलिक ब्रेकमध्ये काहींना डॉट प्रकारचे द्रव लागते, काहींना खनिज तेल. एकाच्या जागी दुसरे कधीही भरू नका. आतली रबरी सीले फुगतात आणि ब्रेक निकामी होतो.

३. साहित्य आणि हत्यारे

कामाला बसण्यापूर्वी हे सगळे जवळ असू द्या. तार अर्धी ओवलेली असताना पक्कड शोधत फिरणे फार त्रासाचे होते.

- व्ही-ब्रेकचे दोन संच, त्यांसोबत येणाऱ्या वाकड्या नळ्या, रबरी टोप्या आणि शू
- व्ही-ब्रेकसाठीच्या लिव्हरची जोडी
- ब्रेकच्या दोन तारा (एका टोकाला पिंपासारखे आडवे डोके असलेल्या), ब्रेकचा आउटर (तारेवरची बाहेरची नळी), त्याच्या टोकांच्या टोप्या आणि तारेच्या शेवटी दाबायच्या टोप्या
- ४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की, फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, १५ मिमीचा पाना
- तार कापण्याची धारदार कात्री-पक्कड. साध्या पकडीने तारेचे पीळ सुटतात
- बारीक कानस, टोच्या, पट्टी
- ग्रीस, गंज सोडवणारे पातळ तेल, आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्वच्छ फडकी
- मध्यम आणि बारीक पॉलिश पेपर

टॉर्क मोजणारा पाना असल्यास उत्तम. ब्रेकचे हात खुंटीला आवळणारा बोल्ट ६ मिमी जाडीचा असतो आणि त्याला ५ ते ७ न्यूटन मीटर एवढाच जोर लागतो. लांब पान्याने अंगाचा भार देऊन आवळले तर खुंटीतील आटे जातात, आणि ती खुंटी फ्रेमचाच भाग असल्यामुळे ते नुकसान फार महागात पडते.

४. जुने ब्रेक उतरवणे आणि खुंट्या साफ करणे

आधी सगळ्या गंजलेल्या बोल्टवर पातळ तेल सोडा आणि काही तास तसेच राहू द्या. हे तेल रिमवर उडणार नाही याची काळजी घ्या. म्हणून चाके काढूनच हे काम करावे. मग तार मोकळी करा, ब्रेकच्या हातांचे बोल्ट काढा आणि हात खुंटीवरून सरळ बाहेर ओढा. अडकले असतील तर हलक्या हाताने मागेपुढे फिरवत सोडवा, हातोडा मारू नका. काढण्यापूर्वी तार कोठून कशी गेली आहे याचे दोन-तीन फोटो काढून ठेवा.

आता खुंट्यांकडे पाहा. माझ्या सायकलच्या मागच्या डाव्या खुंटीवर रंगाचा एक पापुद्रा आणि त्याखाली तपकिरी गंजाचा थर होता. ब्रेकचा तो हात वर्षानुवर्षे अर्धवटच परत फिरत होता आणि शू रिमला घासत राहत होता. मी मात्र दर वेळी स्प्रिंगला दोष देत होतो. बारीक पॉलिश पेपरची पट्टी खुंटीभोवती गुंडाळून, बूट पुसतात तशी दोन्ही टोकांनी ओढत राहिलो, तेव्हा खालून स्वच्छ धातू दिसू लागला. नवा हात त्यावर ठेवून बोटाने ढकलला, तर तो विनासायास फिरला. एवढे होईपर्यंत पुढे जाऊ नका. नंतर खुंटीवर ग्रीसचा पातळ थर लावा. बाहेर ओघळलेले ग्रीस पुसून टाका.

५. हात आणि लिव्हर बसवणे

प्रत्येक खुंटीच्या बुंध्याशी स्प्रिंगचे टोक अडकवण्यासाठी बहुधा तीन छिद्रे असतात. मधले छिद्र वापरा, आणि दोन्ही बाजूंना तेच वापरा. एका बाजूला मधले आणि दुसऱ्या बाजूला वरचे छिद्र वापरले, तर एक हात जोरात परत येतो आणि दुसरा रेंगाळतो. पुढे कितीही स्क्रू फिरवले तरी ते जुळत नाही. बोल्ट आवळल्यावर हात मोकळा फिरतो का ते पुन्हा पाहा.

लिव्हर हँडलवर बसवताना त्या आडव्या ठेवू नका. सायकलवर बसून हात सरळ रेषेत पुढे केल्यावर बोटे जेथे सहज पोहोचतील, त्या उताराने त्या खाली झुकलेल्या असाव्यात, म्हणजे मनगट मुरडत नाही. हात लहान असेल तर लिव्हरमधील छोट्या स्क्रूने ती हँडलच्या जवळ आणता येते. पुढचा ब्रेक ज्या हाताला असण्याची तुम्हाला सवय आहे त्याच हाताला ठेवा. अचानक थांबण्याच्या क्षणी विचार करायला वेळ नसतो, हात सवयीनेच दाबतो.

६. तार आणि आउटर : येथे घाई करू नका

माझ्या अनुभवात जुन्या सायकलचे ब्रेक ढिले वाटण्याची निम्मी कारणे तारेत असतात. ब्रेकचे हात बदलणे परवडत नसेल, तर निदान तारा, आउटर आणि शू एवढे तरी बदला. तेवढ्यानेही फरक हाताला लगेच कळेल.

ब्रेकची तार सुमारे १.५ ते १.६ मिमी जाडीची असते आणि गिअरची १.१ ते १.२ मिमी. दिसायला आउटर सारखेच वाटतात, पण त्यांची बांधणी वेगळी असते. ब्रेकच्या आउटरमध्ये चपटी तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. बहुतेक गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ ठेवलेल्या असतात, आणि त्यांना धरून ठेवणारे केवळ बाहेरचे प्लॅस्टिक असते. हा गिअरचा आउटर ब्रेकला कधीही लावू नका. जोराने ब्रेक दाबल्यावर तो फुटतो आणि ब्रेक एका क्षणात नाहीसा होतो. घरात उरलेला तुकडा वापरून टाकू, असा विचार येथे जीवावर बेतू शकतो.

आउटर कापण्यापूर्वी लांबी ठरवा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा: आउटर ताणला जाता कामा नये, आणि सरळ हँडलवर त्याचा मोठा लोंबता वळसाही नको. कँटिलिव्हरमध्ये मागच्या बाजूला तार शेवटच्या टप्प्यात उघडी असते आणि सीटजवळच्या आधारावरून खाली उतरते. व्ही-ब्रेकला हा आधार लागत नाही. वरच्या नळीवरील शेवटच्या थांब्यापासून वाकड्या नळीपर्यंत आउटरचा एक नवा तुकडा द्यावा लागतो. त्याचा बाक मोठा आणि सैल ठेवा, कारण तीव्र वळणात तार घासते. पुढे हँडलच्या दांड्यावर किंवा फोर्कवर असलेला तारेचा जुना आधारही आता बिनकामाचा होतो.

कापल्यावर टोक पाहा. आतील चपट्या तारेचा एक तीक्ष्ण काटा आत वळलेला दिसतो. तोच नव्या तारेला कुरतडतो. टोक कानशीने सपाट करा, दबलेले आतील प्लॅस्टिकचे अस्तर टोच्याने गोल उघडा आणि मगच टोपी बसवा.

तार ओवण्यापूर्वी लिव्हरजवळचा हाताने फिरवायचा ॲडजस्टर पूर्ण आत फिरवून पुन्हा दोन फेरे बाहेर काढा. तारेचे डोके लिव्हरमध्ये नीट बसल्याची खात्री करा. लिव्हरला आणि ॲडजस्टरला तार घालण्यासाठी खाचा असतात; काम झाल्यावर त्या खाचा एका रेषेत राहू देऊ नका, नाहीतर तार सैल पडताच बाहेर निसटते.

जुनी तार फेकण्यापूर्वी तिचे लिव्हरमधील टोक एकदा बारकाईने पाहा. माझ्या पुढच्या ब्रेकच्या तारेत डोक्याच्या अगदी खाली, लिव्हरच्या पोटात लपलेल्या जागी, पिळातील चार धागे तुटून केसांसारखे उभे राहिले होते. बाहेरून काहीच दिसत नव्हते. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी मी लिव्हर दाबून, आत टॉर्च मारून ती जागा पाहतो.

७. शू लावणे

हे काम सर्वांत नाजूक आहे आणि त्यासाठी शांत अर्धा तास हवा. चाक फ्रेममध्ये नीट, मधोमध बसले आहे का ते आधी पाहा. वाकडे बसलेले चाक धरून शू लावले, तर सगळे पुन्हा करावे लागते. चाकाचा आऊट आधी काढून घ्या. रिम अल्कोहोलने पुसा आणि पट्ट्यावर जुन्या रबराची काळी चमक असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा.

प्रत्येक शूला जाड आणि बारीक अशा दोन प्रकारच्या वाटीदार वॉशर असतात. शू रिमला टेकले असताना ब्रेकचे दोन्ही हात जवळजवळ समांतर उभे असावेत. ते बाहेर फाकले असतील तर हाताच्या आतल्या बाजूला बारीक वॉशर घ्या. आत झुकले असतील तर जाड घ्या. रिमच्या रुंदीनुसार हे बदलते, म्हणून पाकिटातून निघाले तसेच बसवून टाकू नका.

शूची उंची ठरवताना दोन चुका होतात. शू वर सरकून टायरला लागला, तर काही दिवसांत टायरची कड कापली जाते आणि ट्यूब फुटते. तो रिमच्या खाली उतरला, तर रबराला खाली ओठ तयार होतो आणि एके दिवशी शू आऱ्यांमध्ये घुसू शकतो. संपूर्ण रबर पट्ट्यावरच, वरच्या कडेपासून साधारण १ मिमी खाली असावे. शूवर दिशेचा बाण आणि डावे-उजवे लिहिलेले असते, ते पाळा. रबर बदलता येणारे शू असतील तर त्यांची बंद बाजू पुढे आणि उघडी बाजू मागे ठेवा. ब्रेक लागताना रिम रबराला पुढे ओढते, त्यामुळे उलटे बसवलेले रबर घरातून निसटून बाहेर पडते.

शूचे पुढचे टोक रिमला किंचित आधी टेकले पाहिजे, म्हणजे ब्रेक किंचाळत नाही. यासाठी शूच्या मागच्या टोकाखाली सुमारे १ मिमी जाडीचा पुठ्ठा ठेवा, लिव्हर दाबून शू रिमवर घट्ट धरा आणि त्याच स्थितीत ५ मिमीच्या ॲलन कीने बोल्ट आवळा. आवळताना शू बोल्टबरोबर फिरू पाहतो, म्हणून दुसऱ्या हाताने त्याला धरून ठेवा. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही चाकांना पुठ्ठा मागच्याच टोकाखाली येतो.

आता दोन्ही शू रिमपासून सुमारे १ मिमी दूर राहतील अशी तार ओढून बोल्ट आवळा. वाकड्या नळीचे टोक आणि तारेचा बोल्ट यांच्यामध्ये सुमारे ४ सेंमी अंतर राहिले पाहिजे. ते फार कमी असेल तर शू झिजल्यावर दोन्ही हात एकमेकांना आदळतात आणि ब्रेक लागायचा थांबतो. एक शू जवळ आणि दुसरा दूर असेल, तर हातांच्या बुंध्याजवळचे छोटे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा. ज्या बाजूचा स्क्रू आवळाल, त्या बाजूची स्प्रिंग ताठ होते आणि तो शू रिमपासून दूर जातो.

८. चाचणी

सायकल उभी असतानाच दोन्ही लिव्हर पूर्ण जोराने वीस-वीस वेळा दाबा. टोप्या जागेवर बसतात आणि तार थोडी सैल पडते. ती पुन्हा ओढून घ्या. कितीही जोर लावला तरी लिव्हर हँडलला टेकता कामा नये. मग सायकलच्या बाजूला उभे राहून पुढचा ब्रेक दाबा आणि सायकल पुढे ढकला: मागचे चाक वर उचलले गेले पाहिजे. नंतर मागचा ब्रेक दाबून ढकला: चाक न फिरता घसटले पाहिजे.

पहिली फेरी सपाट, मोकळ्या जागेत आणि सावकाश घ्या. ज्यांचा हात कँटिलिव्हरला सरावलेला आहे त्यांनी विशेष जपावे, कारण तेवढ्याच जोराने पुढचा व्ही-ब्रेक दाबला तर सायकल जागीच थांबते आणि अंगाचा भार पुढे फेकला जातो. ब्रेक दाबताना नितंब मागे घ्या आणि जोर हळूहळू वाढवा.

घरातील प्रत्येकाला आणखी एक गोष्ट दाखवून ठेवा. चाक काढण्यासाठी वाकडी नळी तिच्या खोबणीतून सोडता येते. पंक्चर काढून चाक परत बसवल्यावर ती पुन्हा अडकवायला लोक विसरतात, आणि निघाल्यावर लिव्हर दाबली की हाताला काहीच लागत नाही.

९. चेन आणि मागच्या चकत्या

ब्रेक झाल्यावर पैसे उरले असतील तर पुढचा क्रम चेनचा. १२ इंचांत चेनचे बरोबर २४ सांधे यायला हवेत. पट्टी एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि तिच्यानंतरची चोविसावी पिन पाहा. ती १२ इंचांच्या पुढे १/१६ इंच गेली असेल तर चेन बदला. १/८ इंच गेली असेल तर मागच्या चकत्यांचे दातही त्या चेनप्रमाणे झिजले आहेत. नुसती नवी चेन त्यांच्यावर उड्या मारेल, म्हणून दोन्ही बदलावे लागते. नवी चेन जितक्या चकत्या तितक्यांसाठी बनवलेलीच घ्या. मागच्या चकत्यांची मापे तीच राहणार असतील, तर जुन्या चेनइतक्याच कड्या मोजून ठेवा.

मागे कॅसेट आहे की फ्रीव्हील हे आधी ओळखा. कॅसेटच्या चकत्या हबवरील खाचांच्या नळीवर सरकवलेल्या असतात आणि शेवटी एका रिंगने आवळलेल्या असतात. फ्रीव्हील हा फिरणाऱ्या यंत्रणेसह एकच गोळा असतो आणि तो हबवर आट्यांनी बसतो. दोघांची काढण्याची हत्यारे वेगळी आहेत आणि एकाच्या जागी दुसरे बसत नाही. नवे मागचे चाक घ्यायचे असेल तर फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधील आतले अंतर मोजा. बहुतेक माउंटन बाइकमध्ये ते १३५ मिमी असते, अधिक जुन्यांमध्ये १३० किंवा १२६ मिमीही आढळते. व्ही-ब्रेक ठेवायचे असतील तर चाकाचा व्यास बदलता येत नाही, कारण खुंट्या २६ इंची चाकाच्या, म्हणजे ५५९ मिमीच्या रिमसाठी जागेवर पक्क्या केलेल्या असतात.

१०. बाकीचे भाग

पेडल १५ मिमीच्या पान्याने निघते. डाव्या पेडलला उलटे आटे असतात, हे विसरून जोर लावला की क्रँकचे (पेडल ज्या दांड्याला बसते त्याचे) आटे जातात. पेडलचा मधला अक्ष ज्या खोक्यात बसतो त्याची रुंदी ६८ किंवा ७३ मिमी असते. तेथे बहुतेक माउंटन बाइकना इंग्रजी पद्धतीचे आटे असतात, म्हणजे चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे.

सीटचा दांडा बदलताना जुन्या दांड्यावर कोरलेले माप वाचा. ही मापे ०.२ मिमीच्या फरकाने येतात, आणि २६.८ च्या जागी २७.२ चा दांडा ठोकून बसवता येत नाही. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षे न हलवता राहिला तर तो आत धरून बसतो. नवा घालताना ग्रीस लावा आणि त्यावरील कमीत कमी घालायची खूण बाहेर दिसू देऊ नका. हँडल मधोमध जेथे आवळले जाते तेथील त्याची जाडी २५.४ मिमी आहे की ३१.८ मिमी, हे नवे हँडल घेण्यापूर्वी मोजा.

हबमधील छर्रे सुटे असतील, तर ते उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरणे हा जवळजवळ फुकटातला सुधार आहे. मागच्या हबला बहुधा प्रत्येक बाजूला पाव इंची ९ छर्रे असतात आणि पुढच्याला ३/१६ इंची १०. उघडताना खाली पांढरे फडके अंथरा, म्हणजे एकही हरवत नाही.

सगळे बसवून झाल्यावर पहिल्या काही फेऱ्यांनंतर ब्रेकच्या हातांचे, शूंचे आणि तारेचे असे सर्व बोल्ट पुन्हा तपासा. शूवरील खाचांमध्ये अडकलेले चकचकीत धातूचे कण टोच्याच्या टोकाने काढून टाका, कारण तेच कण रिमला खरवडत राहतात. मी हे दर पावसाळी फेरीनंतर करतो, चाक उतरवून, दोन्ही शू उजेडात धरून.